लाईट गेल्यावर पाणी कुठं जाईल : खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या प्लंबिंगच्या नोंदी

१६ मार्च २०२५

काच अजून कापायला टाकलेली नाही. टाकी होण्याआधी तिची पाइपलाइन कागदावर पूर्ण करायची, असं ठरवलं आहे. भोकं काचेला पाडायची असतात आणि पाडलेलं भोक बुजवता येत नाही.

मांडणी अशी. वर हॉलमध्ये मुख्य टाकी, तिच्या खालच्या कपाटात दुसरी लहान टाकी, तिला सम्प म्हणतात. मुख्य टाकीतलं पाणी एका उंबऱ्यावरून सांडतं आणि पाइपातून सम्पमध्ये उतरतं. तिथे गाळलं जातं, स्किमरमध्ये फेसाबरोबर त्यातली घाण निघते आणि पंप ते पुन्हा वर ढकलतो. हे चक्र दिवसरात्र चालू. गोड्या पाण्याच्या टाकीत एक फिल्टर टांगला की भागतं. खाऱ्यात स्किमर हवा, तो मोठा असतो आणि टाकीत दिसलेला आवडत नाही. शिवाय उंबऱ्यावरून सांडणारं पाणी पृष्ठभागावरचा तेलकट थर सतत ओढून नेतं, म्हणून पाण्याला हवा नीट मिळते.

वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न मोठ्या अक्षरात लिहिला आहे : लाईट गेल्यावर पाणी कुठं जाईल? आम्ही रत्नागिरीत राहतो. जूनमध्ये वारा सुटला, माड तारांवर घासले की लाईट जाते, आणि ती रात्री दोनलाही जाते. पंप चालू असताना कुठलीही पाइपलाइन बरी चालते. बंद पडल्यावर ती कशी वागते, त्यावरच ती पास की नापास ठरते.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि खाली काकू एकट्या राहतात. त्यांच्या देवघराच्या वर बरोबर आमचा हॉल. त्यांच्या छताला एक थेंब जाता कामा नये, ही अट मी माझ्या मनानेच घातली आहे.

२३ मार्च

वजनाचा हिशेब. टाकी १२० × ५० × ५० सेंटिमीटर, काच १२ मिलिमीटर. काचेचं वजन साधारण ६९ किलो. चालू पातळीला टाकीत सुमारे २५० लिटर पाणी आणि सम्पमध्ये ६० लिटर. समुद्राच्या पाण्याची घनता लिटरला १.०२५ किलो धरली तर पाणीच ३१८ किलो. त्यात सम्पची काच, दगड, वाळू आणि लोखंडी स्टँड. एकूण ५०० किलो, आणि ते सगळं ०.६ चौरस मीटरवर. राहत्या खोल्यांचा स्लॅब चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो, पसरलेल्या भाराच्या हिशेबाने बांधतात. आमचा भार त्या छोट्या जागेवर चौपट होतो.

त्यामुळे अंदाजावर न जाता इमारतीचे नकाशे घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे गेले. खिडकीसमोरची जागा त्यांनी नाकारली, तिथे स्लॅबचा मधला भाग येतो. पूर्वेच्या भिंतीखाली बीम आहे. टाकीची लांब बाजू त्या भिंतीला लावायची आणि स्टँडच्या पायांखाली जाड फळी घालून भार पसरवायचा, असं लिहून दिलं. म्हणजे टाकीची मागची काच भिंतीकडे. पाइपांसाठी मागे १८ सेंटिमीटर जागा सोडावी लागेल. हे आज कळलं ते बरं झालं.

टाकीत काय ठेवायचं तेही ठरलं. प्रवाळ नाही. खडक बांधणारे सगळे प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, आणि बाजारात विकायला असलेले मेलेल्या प्रवाळाचे पांढरे दगडही मला घरात नकोत. चिनी मातीचे भाजलेले सच्छिद्र दगड आणि हॅचरीत वाढवलेली क्लाउनफिशची एक जोडी आणि थोड्या गोगलगायी, बस. क्लाउनफिशची पैदास कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने आपल्याकडे यशस्वी केलेली आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचं कारण उरत नाही. लहानपणी झाडगावच्या मत्स्यालयात काचेला नाक लावून मी तासन्‌तास उभी राहत असे. ही टाकी मनात तेव्हापासून आहे.

३० मार्च, पाडवा

गुढी उतरवल्यावर संध्याकाळ ओव्हरफ्लोची, म्हणजे टाकीतलं पाणी खाली सांडवायची, पद्धत ठरवण्यात गेली.

पहिला पर्याय टाकीच्या कोपऱ्यात उभा काचेचा डबा आणि टाकीच्या तळाला भोकं. करायला सोपा, मागे जागा लागत नाही. पण तळाचा वॉशर गेला तर त्या डब्यातलं सगळं पाणी खाली येतं, आणि डब्याचा जोड सुटलेला असला तर टाकीतलं सगळंच. २५० लिटर काकूंच्या देवघरात. नको.

दुसरा, टाकीला भोक न पाडता काठावरून सायफनने पाणी काढणारा टांगता डबा. सायफनला शाळेत आपण वक्रनलिका म्हणून शिकलो. तिच्यात हवा शिरली की ती थांबते, आणि लाईट परत आल्यावर पंप मात्र सुरूच होतो. मग पाणी वर चढत राहतं आणि उतरत नाही. भोक पाडायची भीती वाटते म्हणून लोक हा डबा घेतात, पण मला यात जास्त भीती दिसते.

तिसरा घेतला. मागच्या काचेला वरच्या बाजूला भोकं, आतून ४० सेंटिमीटर लांबीचा उथळ डबा, बाहेरून तेवढ्याच लांबीचा थोडा मोठा डबा. वॉशर गेला तरी पाणी फक्त भोकाच्या पातळीपर्यंत उतरेल. बाहेरच्या डब्यातून तीन पाइप खाली जातील. या तीन पाइपांच्या रचनेला बीन अ‍ॅनिमल म्हणतात आणि ती मला फार आवडली आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

पहिला पाइप पूर्ण पाण्याने भरलेला सायफन. त्याला खाली व्हॉल्व्ह. हवा नाही, म्हणून आवाज नाही. जवळजवळ सगळं पाणी हाच नेतो. दुसऱ्याचं तोंड उंचावर, त्याच्या डोक्यावर हवेची बारीक नळी. पहिल्याने न नेलेलं थोडंसं पाणी त्याच्या भिंतीवरून ओघळत जातं. पहिला तुंबला तर डब्यातली पातळी चढते, हवेच्या नळीचं टोक पाण्याखाली जातं, हवा बंद होते आणि दुसरा आपोआप सायफन होतो. तिसरा सर्वांत उंच आणि कायम कोरडा. त्याचं खालचं टोक सम्पच्या पाण्याच्या वर ठेवायचं, म्हणजे त्यातून पाणी आलंच तर धबधब्यासारखा आवाज होईल आणि घरातला माणूस उठेल.

बाबांना आकृती दाखवली. बाबांनी मिरकरवाड्याला ट्रॉलरच्या इंजिनांवर चाळीस वर्षं काम केलं आहे. त्यांनी बराच वेळ बघून एवढंच विचारलं, "उतरणाऱ्या पाण्याचं बघितलंस. चढणाऱ्या पाइपाचं काय? पंप थांबला की तो उलटा ओढील ना?"

६ एप्रिल

बाबांचा प्रश्न आठवडाभर डोक्यात होता. आज त्याचा हिशेब केला.

आधी प्रवाह. सम्पमधून तासाला १५०० लिटर फिरवायचे. टाकीचं पाणी तासाला पाच-सहा वेळा बदलतं, तेवढं पुरे. टाकीतल्या लाटांसाठी वेगळा छोटा पंप टाकीतच राहील. उंबऱ्यावरून पाणी किती जाडीने सांडेल याचं सूत्र मी अकरावीच्या मुलांना कधी शिकवलं नाही, पण पाटबंधाऱ्याचे लोक रोज वापरतात : प्रवाह बरोबर १.८४ गुणिले उंबऱ्याची लांबी गुणिले जाडीचा दीड घात, सगळं मीटरमध्ये. ४० सेंटिमीटरच्या सपाट उंबऱ्यावर जाडी ७ मिलिमीटर येते. मासा आणि गोगलगाय आत जाऊ नये म्हणून कंगव्यासारखे दाते बसवले आणि त्यांनी निम्मी लांबी खाल्ली, तर ११ मिलिमीटर. मी ११ धरले.

आता लाईट जाते. पंप थांबतो. टाकीचं आतलं क्षेत्रफळ असं की १ सेंटिमीटर पाणी म्हणजे ५.६ लिटर. उंबऱ्यावरचे ११ मिलिमीटर उतरतात. पण बाबा म्हणाले तसं, वर पाणी सोडणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्यात बुडालेलं असतं, आणि पंप थांबताच तोच पाइप वक्रनलिका होऊन टाकी उलटी खाली ओढू लागतो. तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. माझ्या पहिल्या आकृतीत ते तोंड पृष्ठभागाखाली १५ सेंटिमीटरवर होतं, दिसू नये म्हणून. १५ गुणिले ५.६ म्हणजे ८४ लिटर. शिवाय दोन्ही डब्यांतले ८ आणि पाइपांतले दीड. सम्पमध्ये रिकामी जागा काठोकाठ भरली तरी ५२ लिटरची. ४० लिटरहून जास्त पाणी हॉलभर झालं असतं.

तोंड दीड सेंटिमीटर खाली ठेवलं तर ८.४ लिटर उतरतात, बाकी धरून १८. सम्पला १ सेंटिमीटरला २.८५ लिटर लागतात, म्हणजे पातळी सव्वासहा सेंटिमीटर चढेल, २१ वरून २७ वर. सम्पची आतली उंची ३९. हे चालेल.

उलटी बाजूही तपासली. सगळे उतरते पाइप तुंबले आणि पंप चालूच राहिला तर? पंपाच्या कप्प्यात सुमारे १७ लिटर पाणी असतं. तेवढं सगळं वर गेलं तरी टाकीत काठापर्यंत २१ लिटरची जागा आहे. पंप कोरडा पडेल, पण पाणी जमिनीवर येणार नाही. ही चार लिटरची शिल्लक मला फार मोलाची वाटते आणि ती राखण्यासाठी पंपाचा कप्पा मुद्दाम लहान ठेवला आहे.

एक धोका मात्र या हिशेबात लपला होता. बाष्पीभवनाने मीठ उडत नाही, फक्त पाणी उडतं, म्हणून रोज गोडं पाणी घालून पातळी राखावी लागते. ते काम करणारं स्वयंचलित यंत्र पंपाच्या कप्प्यातली पातळी बघतं. पाइप तुंबून कप्पा रिकामा झाला तर त्याला वाटेल पाणी उडालं, आणि ते आपल्या कॅनमधलं २० लिटर आत ओतेल. २१ लिटरची जागा तिथेच संपली. म्हणून कॅन ३ लिटरचाच ठेवायचा, आणि त्याच्या नळीचं टोक सम्पच्या सर्वांत वरच्या पातळीच्याही वर, नाहीतर कॅनच वक्रनलिकेने रिकामा होईल.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून मोकळी हो, असा सल्ला दोघांनी दिला. लावणार नाही. खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेवर शेवाळ आणि चुन्याचे थर बसतात, एक वाळूचा कण अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही. तो आहे म्हणून माणूस हिशेबात ढिला पडतो.

१२ एप्रिल

मारुती मंदिराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात दोन तास.

आपल्याकडे "एक इंची पाइप" मागितला तर तीन वेगळ्या गोष्टी मिळतात. शेतीचा राखाडी पीव्हीसी पाइप, बाहेरचा व्यास ३२ मिलिमीटर. घरच्या नळाचा पांढरा यूपीव्हीसी, ३३.४. गरम पाण्याचा पिवळट सीपीव्हीसी, २८.६. पहिले दोन डोळ्यांना सारखेच दिसतात. ३२ चा पाइप ३३.४ च्या एल्बोत ढिला जातो, सोल्युशन लावून चिकटल्यासारखाही वाटतो आणि चार महिन्यांनी गळतो. मी व्हर्निअर कॅलिपर घेऊन गेले होते. दुकानदारांनी ते हातात घेऊन स्वतः दोन पाइप मोजले आणि मग स्वतःहून एकाच जातीचं सगळं सामान काढून दिलं. सगळं पांढरं यूपीव्हीसी घेतलं : एल्बो, टी, सात युनियन (खोलून पुन्हा लावता येणारे जोड), टँक निपल (काचेच्या भोकात बसणारे आट्यांचे जोड), एंड कॅप.

युनियन सात का? साफ करायला पाइप काढता आला पाहिजे. चिकटवलेला जोड करवतीनेच निघतो.

निपल आधी घेतले आणि आटे मोजले, ४२ मिलिमीटर. भोक ४४ चं. हे उलट्या क्रमाने करणाऱ्यांची भोकं चुकतात.

१९ एप्रिल

कपाटामागची चढती लाइन भिंतीतून नेता येईल का हे बघायला आमच्या नेहमीच्या प्लंबरदादांना बोलावलं होतं. माणूस कामाला चोख. त्यांनी पिशवीतून पितळेचा गेट व्हॉल्व्ह आणि पितळी आट्यांचे एल्बो काढले. "ताई, प्लास्टिकचे आटे टिकत नाहीत. हे वीस वर्षं बघायला नको."

घराच्या नळाला ते अगदी खरं आहे. पण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खारं पाणी ते हळूहळू विरघळवतं, आणि तांबं अगदी थोडं झालं तरी गोगलगायी, कोळंबी, खेकडे यांसारख्या पाठीचा कणा नसलेल्या जिवांना मारतं. दगडात आणि सिलिकॉनमध्ये मुरलेलं तांबं नंतर काढताही येत नाही. मी हे सांगितल्यावर दादा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे क्लॅम्पसुद्धा लोखंडी नको." बरोबर. ते मला सुचलं नव्हतं. नळीवरचे क्लॅम्प, दाराच्या बिजागऱ्या, स्क्रू, सगळ्यांचा विचार आता करावा लागेल. स्टीलही खाऱ्या हवेत गंजतं हे बंदराच्या गावात वेगळं सांगायला नको.

प्लास्टिकचा गेट व्हॉल्व्ह गावात नाही. मुंबईहून मागवला. तोवर बॉल व्हॉल्व्ह.

२७ एप्रिल

भोकं पाडली. म्हणजे काचवाल्यांनी पाडली, मी पाणी धरून उभी होते.

आधी काच टफन्ड नाही याची खात्री केली. टफन्ड काचेला भोक पाडू गेलं की तिचा चुरा होतो. मोबाइलची पांढरी स्क्रीन काचेमागे धरली आणि पोलराइज्ड गॉगलमधून पाहिलं. टफन्ड असती तर डाग, पट्टे दिसले असते. स्वच्छ दिसली. प्रत्येक भोकापासून काठापर्यंत किमान एका भोकाच्या व्यासाएवढं अंतर ठेवलं. मुलाच्या खेळण्यातल्या मातीचं आळं करून त्यात पाणी, हिऱ्याच्या कणांचा बिट, ड्रिल सावकाश आणि वरून जवळजवळ काहीच दाब नाही. मागून चिकटपट्टी, तुकडा पडताना कडा उडू नये म्हणून. एका भोकाला बारा-तेरा मिनिटं लागली. शेवटच्या मिनिटात काचवाल्यांनी ड्रिलचं वजनही हातावर तोललं होतं. दोन्ही भोकांच्या कडा गुळगुळीत.

४ मे

सगळी जोडणी कोरडी लावून पाहिली. चिकटवलेलं काही नाही.

कोरडी जोडणी फसवते हे लिहून ठेवते. फिटिंगचं तोंड आत निमुळतं असतं, म्हणून कोरडा पाइप पूर्ण बसत नाही. सोल्युशन लावलं की प्लास्टिक मऊ होऊन तो आणखी आत जातो. माझ्या चढत्या लाइनला सहा जोड आहेत, प्रत्येकात सात-आठ मिलिमीटर धरले तर लाइन चार-पाच सेंटिमीटर आखूड झाली असती. माप फिटिंगच्या तळापासून घ्यायचं, कोरड्या जोडावरून नाही. प्रत्येक जोडावर पेन्सिलने आडवी रेघ मारली, फिरवण्याची दिशा कळावी म्हणून.

पंपाच्या वर एक टी घालून तिचं तोंड बॉल व्हॉल्व्ह आणि एंड कॅपने बंद ठेवलं आहे. मे महिन्यात हॉलमध्ये पाणी ३१ अंशांवर जातं, आज बादलीत थर्मामीटर ठेवून पाहिलं. पंपाची उष्णता वेगळी. पुढच्या उन्हाळ्यात चिलर लागलाच तर लाइन कापावी लागू नये.

११ मे

चिकटवलं. घराच्या खिडक्या उघड्या, मुलाला आजोबांबरोबर मांडवीला पाठवलं. पाइपाच्या टोकाची कोर कानशीने घासायची, पुसायचं, दोन्ही भागांना सोल्युशन, आत ढकलत पाव वळसा आणि तीस सेकंद दाबून धरायचं. सोडलं तर पाइप स्वतःहून थोडा बाहेर सरकतो. एकोणीस जोड. २४ तास हात लावायचा नाही.

टँक निपलचा वॉशर डोक्याच्या बाजूला, म्हणजे पाणी असेल त्या बाजूला. नटाच्या बाजूला नाही. हाताने घट्ट आणि वर पाव वळसा. पाना वापरून जोर केला तर वॉशर दबून बाहेर सरकतो, आणि काचही तडकू शकते.

१८ मे

गोड्या पाण्याने पहिली चाचणी. गच्चीवर करायची होती, पण सम्प आणि टाकीतल्या उंचीचा फरक स्टँडवरच बरोबर मिळतो, म्हणून जागेवरच. खाली ताडपत्री, तिच्या कडा विटांवर उचललेल्या.

पहिली दहा मिनिटं टाकी संडासाच्या फ्लशसारखी गुरगुरत होती. सायफन धरेना. कारण सापडलं : सायफनचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात १२ सेंटिमीटर बुडालेलं होतं. पाइपातल्या हवेला तेवढं पाणी ढकलून बाहेर पडता येत नव्हतं. टोक कापून फक्त अडीच सेंटिमीटर बुडवलं. पंप लावला, दीड मिनिट बुडबुडे, आणि एकाएकी शांतता. इतकी की पंप बंद पडला असं वाटून मी वाकून पाहिलं. पाणी काचेसारखं उंबऱ्यावरून सरकत होतं.

बॉल व्हॉल्व्ह कालपर्यंत पुरेसा वाटत होता. पण दांडी केसभर हलवली तरी डब्यातली पातळी दोन बोटं वरखाली होते. गेट व्हॉल्व्ह चाकाच्या कित्येक वळशांत बंद होतो, त्यामुळे हवी तेवढीच पातळी धरता येते. तो परवा आला, आज युनियन सोडून बसवला. पाव पाव वळसा देत गेले, आणि दुसऱ्या पाइपातून करंगळीएवढी धार राहिली तेव्हा थांबले. तीच जागा बरोबर.

एका निपलखाली थेंब. नट सोडला, वॉशरवर काचेची बारीक पूड होती. पुसून बसवला, थांबला.

पंपाची पिन काढून पाच वेळा "लाईट घालवली". सम्पमध्ये पाणी २७ च्या रेषेवर थांबलं. वहीतला आकडा काचेवर आलेला पाहून डोळे भरून आले.

२६ मे

मान्सून यंदा पंचवीस तारखेलाच तळकोकणात आला. आमच्याकडे कालपासून कोसळतोय. मीठ घालायच्या आधी आठवडाभर गोड्या पाण्यावर सगळं चालू ठेवायचं म्हणून टाकी सुरूच होती.

पहाटे सव्वातीनला लाईट गेली. पंख्याचा आवाज थांबला आणि मी जागी झाले. टॉर्च घेऊन कपाट उघडलं, तर सम्पचं पाणी २७ च्या रेषेच्या वर होतं आणि अजून चढत होतं. ३०. ३२. वर टाकीतून पाइपाच्या तोंडाने पाणी खाली ओढलं जात होतं. ते पाण्याबाहेर उचलायला हात वर नेईपर्यंत तोंड स्वतःच उघडं पडलं आणि हवा ओढल्याचा आवाज झाला. सम्प ३६ वर थांबला. काठाला तीन सेंटिमीटर.

सकाळी शोधलं. वरचं तोंड वाकवता येणाऱ्या मण्यांच्या नळीचं होतं, लाटेची दिशा बदलता यावी म्हणून घेतलेलं. परवा ते कोणीतरी, बहुधा मीच काच पुसताना, खाली वळवलं होतं. दीड सेंटिमीटरऐवजी सहा सेंटिमीटर खोल. सहा गुणिले ५.६ म्हणजे ३४ लिटर, अधिक साडेनऊ. हिशेब चुकला नव्हता. ज्या मापावर तो उभा होता ते माप हाताने हलवता येत होतं, एवढंच.

बाबा चहा घेत आले आणि खाली बसून पाइप बघू लागले. म्हणाले, बोटीत इंजिन थंड करायचं पाणी समुद्रातून घेतात, आणि इंजिन पाण्याच्या पातळीखाली बसतं. इंजिन बंद झालं आणि पाइप सरळ असला तर समुद्र वक्रनलिकेने आत येत राहतो, रात्रीत इंजिन भरतं. "म्हणून पाइप पाण्याच्या वर चढवून वाकवायचा आणि त्या वाकणाच्या डोक्यावर हवेची वाट ठेवायची. पाइपाचं टोक कुठंही असू दे, पाणी तिथंच तुटतं."

मी हवा शिरायच्या भोकाचा विचार पाण्याखालच्या तोंडापाशी करत होते, जिथे ते शेवाळाने बुजतं. बाबांची जागा पाण्याच्या वर, पाइपाच्या सर्वांत उंच वाकणावर आहे.

१ जून

मण्यांची नळी काढली. तिच्या जागी चिकटवलेला पक्का एल्बो, तोंड पृष्ठभागाखाली दीड सेंटिमीटर, कोणाच्या हाताने न हलणारं. आणि चढत्या लाइनच्या सर्वांत उंच वाकणावर, टाकीच्या काठाच्या वर, एक टी बसवून तिच्यातून ६ मिलिमीटरची नळी वर नेऊन परत टाकीत वळवली. पंप चालू असताना तिच्यातून थोडं पाणी टाकीतच पडतं. तिचं टोक पाण्याच्या वर असल्याने पंप थांबला की तिच्यातून हवा शिरते आणि ओढ तिथेच तुटते. नळीचं टोक समोर दिसतं, त्यातून धार पडते आहे ना हे येता-जाता कळतं. धार थांबली की साफ करायची.

मुद्दाम एल्बोला नळीचा तुकडा जोडून तोंड सहा सेंटिमीटर खोल नेलं आणि पिन काढली. सम्प २६ वर थांबला. दहा वेळा केलं. बाबा स्टूल घेऊन सम्पसमोर बसले होते आणि प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने वाचत होते.

वायरींना पिनेच्या खाली झोळ दिला, वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जाऊ नये म्हणून. इन्व्हर्टरवर सम्पमधून पाणी वर ढकलणारा पंप ठेवलेला नाही. टाकीतला लाटेचा छोटा पंप तेवढा त्यावर आहे. लाईट नसताना माशांना हलतं पाणी आणि हवा लागते, सम्प काही तास थांबला तर चालतो.

८ जून

गोडं पाणी काढून टाकलं. समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर असताना मीठ विकत का आणतेस, असं सगळे विचारतात. भाट्याच्या किनाऱ्यावर काजळी नदी समुद्राला मिळते. पावसाळ्यात तिथलं पाणी गढूळ असतं आणि खारेपणा दर भरतीला वेगळा. मला लिटरला ३५ ग्रॅमवर स्थिर राहणारं पाणी हवं आहे. आरओच्या पाण्यात १२ किलो मीठ, तीन खेपांत, पिंपात पंप लावून रात्रभर ढवळून. खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२६.

खारं पाणी फिरू लागल्यावर सायफनचा व्हॉल्व्ह अष्टमांश वळसा उघडावा लागला. का ते नीट कळलेलं नाही, पण नवी खूण केली आहे.

१५ जून

रात्री अकराला लाईट गेली, पावणेबाराला आली. मी उठले नाही. बाबा उठले होते. सकाळी सम्पच्या काचेवर त्यांच्या पेन्सिलीची रेघ होती आणि बाजूला लिहिलेलं, "२६ ला थांबलं. लाईट आल्यावर दोन मिनिटांत आवाज बंद."

खाली काकूंकडे जाऊन छत पाहून आले. कोरडं आहे. उद्या चिनी मातीचे दगड धुवायला घ्यायचे.